स्मरणार्थ: स्वतः

भांड्यावर नाव कशासाठी घालतात, हे मला एका माणसाला मरू न देण्यासाठी शोधून काढावं लागलं. त्याआधी सहा वर्षं मी इतवारीच्या बाजारात बसून भांड्यांवर नावं घालत होतो आणि त्याचा कधी विचार केला नव्हता. माझं तत्त्वज्ञानात बीए झालं आहे. तिथेही विचार करावा लागला नाही, गाइड होतं.

माझं दुकान म्हणजे भांड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या पायरीवर ठेवलेलं स्टूल आणि हातातलं मशीन. मशीन टर्रर्र करतं, स्टीलवर बारीक ठिपके पडतात, ठिपक्यांचं अक्षर होतं. पडलेला ठिपका पुन्हा निघत नाही. म्हणून आमच्या कामाचा एकच नियम आहे: चुकलेलं भांडं दुकान परत घेत नाही. ज्याने चुकवलं त्याने ते घरी न्यायचं आणि गिऱ्हाइकाला पदरचं नवं द्यायचं.

त्यामुळे आमच्या घरी भांड्यांची कमतरता नाही. आई आणि मी कोणा नंदिनीच्या विवाहाप्रीत्यर्थ चहा पितो, त्यात नवऱ्याचं नाव दुसऱ्याच नंदिनीच्या नवऱ्याचं आहे. साखर 'कै. धोंडबा' यांच्यात असते. धोंडबांच्या पंचाहत्तरीसाठी मुलाने डबे घेतले होते, मी सवयीने कै. लावलं. धोंडबा अजून ठणठणीत आहेत. मला पाहिलं की रस्ता ओलांडतात.

शेजारच्या पायरीवर यमुताई बसते. ती घासण्या विकते आणि माझ्या गिऱ्हाइकांशी बोलते. दुसरा धंदा तिचा जास्त चालतो.

पाच नोव्हेंबरला संघपाल रामटेके आले. साठी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, दोन्ही हातांत पिशव्या. एकीत एक्कावन्न वाट्या, दुसरीत एक्कावन्न गिलास. त्यांनी रेघी कागदाचे दोन तुकडे काढले.

"वाट्यांवर हे. गिलासांवर हे."

वाट्यांचा कागद सोपा होता. कालकथित पुष्पलता संघपाल रामटेके, २१ नोव्हेंबर २०२४, यांच्या स्मरणार्थ. बौद्ध घरांत कै. नसतं, कालकथित असतं. लिहायला लांब पडतं, पण मेलेला माणूस नेमका कुठं गेला याची हमी आपल्याला द्यावी लागत नाही.

गिलासांच्या कागदावर होतं: कालकथित संघपाल रामटेके, २१ नोव्हेंबर २०२५.

"काका, वर्ष चुकलं. हे तर यंदाचं झालं."

"यंदाचंच आहे."

"आज पाच तारीख आहे."

"माहीत आहे मले."

"हे संघपाल तुमचे कोण?"

"मीच."

माझं तोंड सवयीने पुढे चाललं. "भेट कोणाकडून घालू?"

"माझ्याकडून."

"अन् स्मरणार्थ?"

"माझ्याच." ते बँकेत फॉर्म भरल्यासारखं बोलत होते. "बाईचा पहिला स्मृतिदिन एकवीसले आहे. एकाच तारखेले असलं का कार्यक्रम एकच होते. पोरगी पुण्याले नोकरीले आहे, दीक्षा. तिले दोनदा सुट्टी नाही भेटत."

"पाहा गा," यमुताई मला म्हणाली, "एवढा विचार माह्या घरी कोणी नाही करत."

मी हसलो. मला हसू येतं, त्याला माझा इलाज नाही. काका हसले नाहीत. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी पावती दिल्याशिवाय हसतोय. तेव्हा मला कळलं की या माणसाला विनोद करता येत नाही, म्हणजे तारीख खरी होती.

"नावाखाली एक ओळ पाहिजे," ते म्हणाले. "मी कसा होतो ते. खरी पाहिजे. अजून सुचली नाही. सुचली का आणतो."

"ओळ आल्याशिवाय नाव नाही घालता येत काका," मी म्हणालो. "मधोमध नाही बसत."

हे साफ खोटं होतं. पण ते वीजनिर्मितीतून निवृत्त झाले होते, शेवटची वर्षं मौद्याच्या वीजकेंद्रातल्या कंट्रोल रूममध्ये होते, आणि मशीनवाला माणूस दुसऱ्या मशीनवाल्याच्या अडचणीवर शंका घेत नाही. त्यांनी मान हलवली. गिलासांची पिशवी माझ्याकडे ठेवली. कागदाच्या खाली लिहून दिलं: 'गिलास नेणार: दीक्षा रामटेके', आणि फोन नंबर.

दुसऱ्या दिवशी बरोबर नऊला ते हजर. कागदावर ओळ होती: 'दुसरी प्लेट मागणारा.'

"ही काय भानगड आहे?" यमुताईने विचारलं. मी विचारायला घाबरत होतो.

"रामदासपेठेत दवाखान्यात होती ती. सोळा दिवस," काका म्हणाले. "सतराव्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो. पोहे खाल्ले. वरची तर्री मस्त तिखट होती. मी म्हटलं, अजून एक प्लेट लाव, तर्री जास्त मार. तेवढ्यात वरून फोन आला. नर्स म्हणे, काका, लवकर या."

"मग?"

"मी म्हटलं, येतो. तोवर प्लेट आली होती." त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मी खाल्ली. अख्खी नाही. चार-पाच चमचे. गरम होती. मग गेलो. लिफ्ट वर होती म्हणून जिन्याने गेलो, म्हणजे घाई केली मी. पण ती गेली होती."

यमुताईच्या हातातली घासणी तशीच राहिली.

"किती वेळ गेला असन? दोन मिनिटं. मी एकतीस वर्षं लॉगबुक लिहिलं. दोन मिनिटं म्हणजे काय, ते मले माहीत आहे. दोन मिनिटांत अख्खं युनिट बंद पडते." त्यांनी बाहीची घडी सरळ केली. "घाटावर शोकसभा झाली. चार जण बोलले. एक म्हणे, संघपालजींनी पत्नीची जी सेवा केली, असा आदर्श पती होणे नाही. माह्या बाहीले तर्रीचा डाग होता. मी हात जोडले अन् धन्यवाद म्हणालो. वर्ष झालं, दादा. ती नोंद चुकीची आहे. ती दुरुस्त करायची आहे अन् रजिस्टर बंद करायचं आहे."

माझ्याकडे एक विनोद तयार होता. तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही, इथेही सांगणार नाही. मला त्याची लाज वाटते, आणि त्याहून जास्त लाज ही वाटते की तो चांगला होता.

"घाल," ते म्हणाले.

"नाही घालता येत."

"काहून?"

काहून, हे मला माहीत नव्हतं. मी मशीन हवेतच चालू केलं आणि बंद केलं. मग म्हणालो, "काका, भांड्यावर नाव कायले घालतात? पंगतीत दहा घरची भांडी मिसळतात. जेवणं झाली का ज्याचं त्याच्या घरी परत गेलं पाहिजे, म्हणून. ओळ अशी पाहिजे का वाचली तर तुम्हीच आठवले पाहिजे. दुसरी प्लेट तर मीही मागतो."

"बायको मरून राहिली असताना?"

"मले बायको नाही."

"मग तुले काय समजन?"

"म्हणूनच नाही घालत. मले समजत नाही तर गिलास धुणाऱ्या बाईले काय समजन? ती म्हणन, या माणसाले पंगतीत वाढलंच नाही."

त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग खिशातून पट्टी काढली, हो, पट्टी, आणि ओळीवर सरळ रेघ मारली. "बराबर आहे. कोणत्या युनिटची नोंद आहे ते वाचून समजलं पाहिजे."

मला वाटलं, मी जिंकलो. एका माणसाचा जीव एका वाक्यावर अडकला होता आणि ते वाक्य पसंत करणं माझ्या हातात होतं. पुढचे बारा-तेरा दिवस मी ते हातात धरून बसलो.

रोज नऊला ते एक ओळ आणायचे. 'स्वार्थी.' यमुताई म्हणाली, "हे लिहाल तर माहा नवरा येऊन गिलास घेऊन जाईन, म्हणन माहाच आहे." रेघ. 'भित्रा.' मी म्हणालो, काका, हा गिलास माझ्या घरी शोभेल. रेघ. 'लोकांना चांगला वाटला, तसा नव्हता.' हे तर दुकानाच्या पाटीवर लिहिता येईल. रेघ. एके दिवशी 'सामान्य' आणलं आणि लिहितानाच स्वतः खोडलं.

नंतर जरा लांब ओळी येऊ लागल्या. तिच्या आजारपणाला कंटाळलेला. तिचं दुखणं ऐकताना टीव्हीचा आवाज न कमी करणारा. ती गेली तेव्हा क्षणभर सुटल्यासारखं वाटलेला. ही शेवटची त्यांनी कागदाची घडी करून दिली. मी वाचली आणि यमुताईकडे सरकवली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवली.

"सासू गेली तेव्हा मले असंच झालं," ती म्हणाली. "मी दोन तास झोपली. इतकी गाढ झोप लग्नानंतर पहिल्यांदा लागली. अन् मग उठून इतकी रडली का शेजारी म्हणे, हिले आवरा."

मला वाटलं काकांना बरं वाटेल. माणसाला कळलं की त्याचं पाप सगळ्यांकडे आहे, तर त्याचं ओझं हलकं होतं, असं कुठेतरी गाइडमध्ये होतं.

ते कागदाकडे बघत बसले. सगळीकडे पट्टीने मारलेल्या रेघा.

"म्हणजे माह्यात माहं काहीच नाही," ते म्हणाले. "वाईटपणाही दहा घरचा आहे. मग तिच्याजवळ एवढी वर्षं कोण राहिलं?"

मी त्यांचं ओझं वाटून घेतोय असं मला वाटत होतं. मी त्यांचं उरलंसुरलं सामान एकेक करून बाहेर काढत होतो.

त्या दुपारी मी दीक्षाला फोन लावला. सांगितलं, मी दुर्गेश, इतवारीत भांड्यांवर नावं घालतो.

"कार्यक्रमाच्या वाट्यांचं ना?" ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं होतं. झाल्या का?"

"वाट्या झाल्या. गिलास बाकी आहेत."

"कोणते गिलास?"

मी सांगितलं. मग ती म्हणाली, "रोज रात्री बोलतात माझ्याशी. व्यवस्थित बोलतात. काल भाजीचा भाव सांगितला. दादा, ते गंमत करत असतील."

"तुमचे बाबा कधी गंमत करतात का?"

तिने उत्तर द्यायला जितका वेळ घेतला तितक्यात एक युनिट नक्की बंद पडलं असतं. "मी निघते," ती म्हणाली. लग्नसराईची गर्दी, जागा कुठेच नाही, बसचंही तेच. शेवटी एकवीसला सकाळी पोचणाऱ्या गाडीत मिळाली. तोवर समोर राहणाऱ्या सोनिकावहिनी रोज जेवणाचा डबा घेऊन जातील आणि ते जेवेपर्यंत तिथंच बसतील, असं तिने ठरवलं. "अन् सकाळचे तुम्ही. दादा, ओळ पास करू नका."

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी जबाबदारी दिली होती, आणि ती ही होती.

वीस तारखेला काका आले तेव्हा हातात कागद नव्हता. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि तोंडीच म्हणाले, "पुष्पलताचा."

"पुढं?"

"पुढं काही नाही. संघपाल रामटेके, खाली पुष्पलताचा. काल तिची ट्रंक उघडली. तिच्या आईकडची परात आहे, ताटं आहेत, सगळ्यांवर तिने स्वतः नाव घालून घेतलं होतं. पुष्पलताचे, पुष्पलताची. वापरून झिजलं आहे, पण वाचता येते. मी म्हटलं, एवढी वर्षं मी तिच्याच घरात होतो. चांगला का वाईट ते राहू दे. होतो तर तिचा होतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता सांग. हे कोणावर घालता येईन?"

कोणावरच येत नव्हतं. मी यमुताईकडे पाहिलं. ती घासण्या मोजत होती. ती कधीच घासण्या मोजत नाही.

"बराबर आहे," मी म्हणालो.

"उद्या नऊले नेतो. दीक्षाचा नंबर खोडून टाक, मीच नेतो."

ते गेल्यावर मी कामाला बसलो. मला खरंच दुसरं काही सुचलं नाही. नाव घातलं. ओळ घातली. आयुष्यात इतकी चांगली अक्षरं मी काढली नव्हती. मग तारीख. एकवीस घातलं, नोव्हेंबर घातलं. वर्षाला हात थांबला. माणसाला किती वर्षं द्यावीत हा प्रश्न आम्हाला अभ्यासक्रमात नव्हता. मी २०५५ घातलं. तेव्हा काका शहाण्णवचे होतील. एक घातल्यावर बाकीचे पन्नास सोपे गेले. यमुताईने दुकान बंद करायची वेळ झाली तरी सामान आवरलं नाही, ती माझ्यासाठी टॉर्च धरून बसली.

एकवीस तारखेला सकाळी नऊला ते आले. नवा शर्ट, दाढी केलेली. मी एक गिलास पुढे केला. त्यांनी उजेडात धरला. ओठ हलवत वाचलं. मग दुसरा घेतला. तिसरा.

"नोंद चुकली."

"हो."

"एक्कावन्नच्या एक्कावन्न?"

"हो."

"मुद्दाम केलं?"

मी आयुष्यभर सरळ चेहऱ्याने खोटं बोलत आलो. त्या दिवशी जमलं नाही. "हो."

आणि ते ओरडले. "तुले काय वाटते बे, मी गिलास पाहून तीस वर्षं जगीन? मी मूर्ख आहे? हे काय खेळणं आहे?" गल्ली थांबली. हातगाडीवाला थांबला. एक टेम्पोही थांबला, पण तो तसाही अडकलाच होता. "एक काम सांगितलं होतं तुले! एक! खरं लिही म्हटलं होतं! सांग, काय माहीत आहे तुले माणसाबद्दल? सांग!"

सगळे माझ्याकडे बघत होते. हीच वेळ होती. काहीतरी मोठं बोलायची. जगणं म्हणजे काय, स्वतःला ओळखणं म्हणजे काय. मी तोंड उघडलं आणि माझ्या पोटातून आवाज आला. मोठा. हातगाडीवाल्याने ऐकला.

"मले भूक लागली," मी म्हणालो.

"काय?"

"कालपासून खाल्लं नाही. सॉरी काका."

"आता? मी आज..." त्यांनी वाक्य तोडलं. "तुले माहीत आहे ना मी आज काय करणार आहे?"

"माहीत आहे. तरी लागली."

"मलेही," यमुताई म्हणाली.

ते माझ्याकडे बघत राहिले, जसं काट्याने दाखवलेला आकडा खरा आहे की मीटर बिघडलं आहे, हे एखादा माणूस बघतो. मी त्यांच्या हातातला गिलास घेतला नाही, त्यांचा हात धरला. तोही कोपराला, बाहीच्या बाजूने. आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोह्याच्या गाडीवर गेलो. ते आले. का आले ते मला माहीत नाही. बहुतेक अजून ओरडायचं बाकी होतं.

मी एक प्लेट खाल्ली. मग दुसरी मागितली.

आता ऐकणाऱ्याला वाटतं की हा माझा डाव होता, त्यांना काहीतरी दाखवून द्यायचा. नव्हता. मला त्यांच्या मरणाची इतकी भीती वाटत होती की चमचा प्लेटवर वाजत होता, आणि तर्री चांगली होती. दोन्ही एकाच वेळी. मला स्वतःला ते समजत नव्हतं. दुसरी प्लेट हातात आल्यावर मला कळलं मी काय मागितलं ते, आणि मी तसाच उभा राहिलो.

"थांबला काहून?" काका म्हणाले.

"काका, मी..."

"तुले माहं काही वाटत नाही?"

"वाटते. रात्रभर डोळा नाही लागला."

"तरी मागितली."

"हो."

त्यांनी प्लेटकडे पाहिलं. तिच्यातून वाफ निघत होती. "गरम आहे," ते म्हणाले. मग त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला आणि ते रडायला लागले. तर्रीने नाही. त्यांनी काही खाल्लंच नव्हतं. गाडीवाल्याने मात्र पाण्याचा जग पुढे केला.

दीक्षा साडेदहाला रिक्षातून उतरली, पाठीवर बॅग, पायात घरातली स्लीपर. तिने वडिलांची बाही दोन्ही मुठींत धरली आणि सोडली नाही.

जाताना ते वळले. आवाज बसला होता, पण हिशेबी होता. "चुकलेलं भांडं तुझं. नियम आहे ना?"

"आहे."

"मग नवे एक्कावन्न तुले घालून द्यावे लागतीन."

"रोज एक जमेल काका. तारीख काय घालू?"

त्यांनी विचार केला. दीक्षाच्या मुठी आवळल्या.

"कोरी ठेव," ते म्हणाले. "सध्या."

त्या 'सध्या'वर मी तेव्हापासून जगतोय.

दीक्षा इथूनच काम करते. मंगळवारी ती त्यांना रामदासपेठेत डॉक्टरकडे नेते. आधी ते चिडायचे, आता नुसते जातात. बाकीच्या दिवशी नऊला ते पायरीवर येतात, एक गिलास उजेडात धरतात, वाचतात, पिशवीत टाकतात. डिसेंबरात चार दिवस आलेच नाहीत. फोन उचलला नाही, दीक्षानेही नाही. त्या चार दिवसांत मी तीन लग्नांची नावं चुकवली, आमच्या घरी आता डिनर सेट आहे. पाचव्या दिवशी आले, म्हणाले, "अंथरुणातून उठावंसं नाही वाटलं." त्यात बरं काही नव्हतं, आणि मी त्यांना बरं काही सांगितलंही नाही. यमुताईने बसायला गोणपाट सरकवलं.

घरी २०५५ सालचे एक्कावन्न गिलास आहेत. आई पाहुण्यांना त्यातच पाणी देते. परवा एकाने विचारलं, हे संघपाल रामटेके कोण? मी म्हणालो, पुष्पलताचे.

नवे मात्र संपत आले आहेत. काल मी मोजले, आठ उरले होते. नवव्या दिवशी काय होईल, मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही, दीक्षाला नाही. काकांनाही नसावं, मी विचारलेलं नाही. म्हणून काल मी नाव नीट घातलं, ओळ नीट घातली, आणि 'रामटेके'मधला म गाळून टाकला.

त्यांनी गिलास उजेडात धरला. बराच वेळ.

"हा चुकला."

"हो."

"मुद्दाम?"

"हो."

त्यांनी तो माझ्या पिशवीत टाकला, खिशातून पट्टी आणि कागद काढला, आठच्या आकड्याखाली आठच लिहिलं.

"नऊले येतो," ते म्हणाले.

आज सव्वानऊ झाले आहेत. यमुताई घासण्या मोजून राहिली आहे.